विश्लेषण : दुखापतीनंतर पुन्हा धावायचे कधी? अविनाश साबळेचा गुडघा आणि भरतीच्या मैदानावरची नडगी काय सांगते?

अहिल्यानगर जिल्ह्यात पहाटे पाच वाजता कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर गेले, तरी धावणारी मुले-मुली दिसतात. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी सैन्यासाठी, तर कोणी जानेवारीच्या मॅरेथॉनसाठी धावत असते. यातील अनेकांना कधी ना कधी नडगी, गुडघा किंवा टाच धरून बसावे लागते. मग पहिला प्रश्न असतो, ‘पुन्हा कधी धावू शकेन?’ आणि लगेच दुसरा, ‘शर्यतीपर्यंत होईल ना?’ हा प्रश्न देशातील सर्वोत्तम स्टीपलचेस धावपटूलाही चुकला नाही.

साबळेला नेमके काय झाले होते?

अविनाश साबळे हा बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. आष्टी तालुका अहिल्यानगर जिल्ह्याला लागूनच आहे. ३००० मीटर स्टीपलचेसमधील ८ मिनिटे ९.९१ सेकंद हा राष्ट्रीय विक्रम त्याने जुलै २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये नोंदवला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक ही त्याची कमाई.

११ जुलै २०२५ रोजी मोनाको डायमंड लीगमध्ये पाण्याच्या अडथळ्यापाशी तो पडला. गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध आणि मेनिस्कस ही कूर्चेची गादी या दोन्हींना इजा झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोत होणाऱ्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला तो मुकला.

स्टीपलचेसमध्ये २८ साधे अडथळे आणि ७ पाण्याचे अडथळे असतात. म्हणजे एका शर्यतीत ३५ वेळा उडी मारून बहुतेकदा एकाच पायावर उतरायचे. सपाट रस्त्यावर धावण्यापेक्षा गुडघ्याची ही परीक्षा कितीतरी कठीण असते.

दुखापतीमुळे मोठी स्पर्धा हुकण्याची ही पहिलीच वेळ होती का?

नाही. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे जकार्ता आशियाई स्पर्धेची पात्रता त्याच्या हातून निसटली होती. मात्र त्याच वर्षी भुवनेश्वरच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत त्याने गोपाळ सैनी यांचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा विक्रम मोडला. तो विक्रम १९८१ पासून, म्हणजे ३७ वर्षे अबाधित होता. पुढे साबळेने ही वेळ तब्बल २० सेकंदांनी कमी केली.

एक स्पर्धा हुकली म्हणून कारकीर्द संपत नाही, हे यातून दिसते. आता पुढचे वेळापत्रक पाहू. नागोया येथील आशियाई स्पर्धेची तारीख १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ अशी आहे. मोनाकोतील दुखापतीपासून मोजले तर मध्ये १४ महिने येतात. टोकियोपर्यंत मात्र जेमतेम दोन महिने होते. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांत अडथळ्यांची शर्यत धावणे शक्य नसते.

एसीएलनंतर इतके थांबावे का लागते?

शस्त्रक्रियेत बहुतेकदा रुग्णाच्याच शरीरातील स्नायूबंधाचा तुकडा घेऊन तो अस्थिबंधाच्या जागी बसवतात. हा तुकडा बसवल्यावर लगेच मजबूत होत नाही. सुरुवातीचे काही आठवडे तो उलट कमकुवत होत जातो आणि नंतर हळूहळू बळकट होतो. सूज उतरते, चालणे सुधारते, त्यामुळे ‘बरे वाटते’. आतला जोड मात्र अजून कच्चाच असतो.

याबाबत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास क्रीडावैद्यक क्षेत्रात वारंवार उद्धृत होतो. उड्या आणि झटकन वळणे असलेल्या खेळांतील रुग्णांचा त्यात मागोवा घेतला होता. नऊ महिने होईपर्यंत मैदानावरचे पुनरागमन जितके महिने लांबले, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा दर सुमारे ५१ टक्क्यांनी घटला. नऊ महिन्यांनंतर तसा वाढीव फायदा दिसला नाही. सपाट, हळू धावणे त्याआधी सुरू होऊ शकते, पण ते डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच.

काही खेळाडू तर काही दिवसांतच परततात, ते कसे?

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेच्या जोन बेनॉईटचे. २५ एप्रिल १९८४ रोजी तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. १७ दिवसांनी तिने ऑलिम्पिक निवडीची मॅरेथॉन जिंकली आणि त्याच ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला महिलांच्या पहिल्या ऑलिम्पिक मॅरेथॉनचे सुवर्णपदक मिळवले.

ही गोष्ट स्फूर्तिदायक असली तरी ती अर्धवट सांगितली जाते. तिची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झालेली आणि छोटी होती. अस्थिबंध नव्याने बसवलेला नव्हता. म्हणजे परतण्याचा काळ जिद्दीइतकाच, किंबहुना अधिक, कोणत्या ऊतीला इजा झाली आहे यावर ठरतो. स्नायू तुलनेने लवकर भरून येतो. हाड, स्नायूबंध आणि अस्थिबंध वेळ घेतात.

भरतीची तयारी करणाऱ्यांची नडगीच का दुखते?

पोलीस भरतीची शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि एकट्या या शर्यतीला २० गुण असतात. जाहिरात निघाली की आतापर्यंत न धावलेली मुले अचानक रोज धावू लागतात. तेही डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत आणि रोज पूर्ण वेगाने.

धावण्याचा ताण पडला की हाड आधी आपला जुना भाग खरवडून काढते आणि मग तिथे नवे हाड भरते. या दोन क्रियांच्या मधल्या काळात हाड तात्पुरते कमकुवत असते. छाती आणि दम काही आठवड्यांत सुधारतो, पण हाडाला महिने लागतात. त्यामुळे ‘दम आहे, मग पळायला काय हरकत?’ हा हिशेब इथेच चुकतो.

आणखी एक कारण रस्त्याच्या आकारात आहे. पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच बाजूने धावले की एका पायावर कायम वेगळा ताण येतो. मैदान किंवा सपाट मातीची वाट मिळाली तर उत्तम. गळीत हंगामात पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या धावत असतात, त्यामुळे सुरक्षेसाठीही मैदानच बरे.

साधे दुखणे आणि हाडाची चीर यांतला फरक कसा ओळखायचा?

नडगीच्या आतल्या कडेला बोटे फिरवली असता चार-पाच इंचांच्या पट्ट्यात दुखत असेल आणि धावताना शरीर तापल्यावर दुखणे कमी होत असेल, तर ती बहुधा ‘शिन स्प्लिंट’ असते. एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी तीव्र दुखत असेल, धावता धावता वाढत असेल, चालताना किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता असते.

अशी चीर सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणून लगेच धावायला सुरुवात करू नये. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. नडगीच्या चिरेसाठी साधारण ६ ते ८ आठवडे धावणे बंद ठेवावे लागते, काहींना त्याहून अधिक. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे सर्वांत घातक. गोळीने इशारा बंद होतो, चीर मात्र वाढत राहते.

धावणे बंद असताना काय करता येते?

दम टिकवण्यासाठी धावलेच पाहिजे असे नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली तर सायकल आणि पोहणे हे उत्तम पर्याय आहेत. पोहता येत असेल आणि सोबत कोणी असेल तर गावची विहीरही चालते.

दुसरे काम ताकदीचे. एका पायावर उभे राहून टाच उचलणे, एका पायावर अर्धे बसणे, पायऱ्या चढणे. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के झाली का, हे पुनर्वसनात पाहिले जाते. घरी करता येण्याजोगी ढोबळ तपासणी म्हणजे दोन्ही पायांवर स्वतंत्रपणे टाच किती वेळा उचलता येते ते मोजणे. एका पायावर २५ आणि दुसऱ्यावर १२ असतील, तर काम अजून बाकी आहे.

पुन्हा सुरुवात कशी करायची?

तारखेऐवजी टप्पे ठरवावेत. एक टप्पा न दुखता पार पडला, तरच पुढचा.

• पहिला : ३० मिनिटे भरभर चालणे. त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी दुखणे नको.

• दुसरा : १ मिनिट धावणे, ४ मिनिटे चालणे, असे सहा वेळा. एक दिवस आड. मग हळूहळू धावणे वाढवायचे, चालणे कमी करायचे.

• तिसरा : सलग ५ किलोमीटर, गप्पा मारता येतील इतक्या वेगाने.

• चौथा : आधी अंतर वाढवायचे, वेग सर्वांत शेवटी.

दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठून टाकलेली पहिली पावले हीच खरी चाचणी. स्नायू किंवा स्नायूबंधाच्या दुखापतीत दहापैकी दोन-तीन इतके दुखणे धावताना चालू शकते, पण ते सकाळपर्यंत विरायला हवे. हाडाच्या दुखापतीत मात्र शून्य दुखणे हाच नियम.

‘आठवड्याला १० टक्के’ हा नियम खरा आहे का?

आठवड्याचे एकूण अंतर १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, असे धावपटूंना नेहमी सांगितले जाते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या अभ्यासाने यात महत्त्वाची दुरुस्ती केली. गेल्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव १० टक्क्यांहून जास्त लांब झाली, की दुखापतीचा धोका लक्षणीय वाढला. दुपटीहून जास्त लांब धाव झाली, तेव्हा तो सर्वाधिक होता. आठवड्याच्या एकूण वाढीशी मात्र असा संबंध आढळला नाही.

सोप्या भाषेत, बहुतेकदा घात करते ती एखादी जास्तीची धाव. महिनाभर ५ किलोमीटर धावणारा मित्रांच्या आग्रहाखातर रविवारी १२ किलोमीटर धावतो आणि सोमवारी लंगडतो.

मग शर्यतीचे ध्येय कसे ठरवायचे?

हिशेब उलटा मांडून पाहा. मुंबई मॅरेथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. समजा, तिथली २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन गाठायची आहे आणि सध्या न दुखता ५ किलोमीटर धावता येते. लांब धाव दर आठवड्याला १० टक्क्यांनी वाढवली, तर १८ किलोमीटरच्या पुढे जायला १४ वाढी लागतात. प्रत्येक तीन वाढींनंतर एक हलका आठवडा धरला तर १८ आठवडे. शर्यतीआधीचे दोन आठवडे विश्रांतीचे. एकूण २० आठवडे.

म्हणजे ऑगस्टअखेरीस ५ किलोमीटर न दुखता जमायला हवे. ते ऑक्टोबरअखेरीस जमले, तर जानेवारीत १० किलोमीटरची शर्यत घ्यावी. २१ किलोमीटरसाठी पुढची स्पर्धा असतेच.

एकाऐवजी तीन ध्येये ठेवणेही उपयोगी पडते. पहिले, न दुखता शर्यत पूर्ण करणे. दुसरे, शेवटचे दोन किलोमीटर चालावे न लागणे. तिसरे, सगळे जुळून आले तर एखादी ठरावीक वेळ. जुनी सर्वोत्तम वेळ पहिल्या शर्यतीत मागू नये.

पण भरतीची तारीख आणि वय थांबत नाही, त्याचे काय?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. मॅरेथॉन पुढच्या वर्षी पुन्हा येते, भरतीची वयोमर्यादा मात्र निघून जाते. त्यामुळे ‘थांबा’ म्हणणे सोपे आणि थांबणे कठीण असते.

अशा वेळी आधी निदान करून घ्यावे. शिन स्प्लिंट असेल आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी मुभा दिली, तर रोजच्या धावेऐवजी आठवड्यात दोन-तीन दिवस मऊ मैदानावर धावणे, बाकी दिवस सायकल आणि ताकदीचे व्यायाम यांवर चाचणीपर्यंत पोहोचता येऊ शकते. रोज १६०० मीटरची पूर्ण वेगाची ‘ट्रायल’ बंद करावी. ४०० मीटरचे तुकडे आठवड्यातून एकदा पुरेसे आहेत. चाचणीतील उरलेले ३० गुण १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांचे आहेत. गोळाफेकीच्या सरावाला दुखरी नडगी फारशी आड येत नाही.

चीर निघाली, तर मात्र धावून उपयोग नाही. हाड पूर्ण मोडले तर त्या भरतीसोबत पुढचीही जाते. दोन महिने थांबलेला उमेदवार पुढच्या जाहिरातीच्या वेळी मैदानावर असतो. २०१८ मध्ये जकार्ता हुकलेला साबळे पाच वर्षांनी हांगझोऊला सुवर्णपदक घेऊन उभा होता.