स्वयंसेवक अग्निशामक दलाचे बिनतारी संच

बीड शहराच्या दक्षिणेस आठ-दहा किलोमीटरांवर, बालाघाटच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, पाली हे गाव आहे. बिंदुसरा नदीवरील धरण याच गावाजवळचे. आणि धुळे-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग येथूनच मांजरसुंब्याच्या घाटाकडे चढतो. उन्हाळ्याच्या तोंडी या मुलखात ज्वारीचा कडबा गंजी करून रचलेला असतो. गंजीस ठिणगी लागली म्हणजे जनावरांची वर्षाची वैरण पाहता पाहता राख होते. आगीचा बंब शहरातून यावयाचा. तो येईपर्यंतची पहिली मिनिटे गावकऱ्यांच्याच हाती असतात. अशा गावी तरुणांनी स्वयंसेवकांचे अग्निशामक दल उभारावयाचे मनात आणले, तर पाण्याची टाकी, पंप आणि नळ्या यांच्या पाठोपाठ परस्परांशी बोलण्याच्या साधनाचा प्रश्न पुढे येतो. आणि नेमकी याच खरेदीत फसगत होण्याचा संभव अधिक असतो.

घरोघरी मोबाईल असताना बिनतारी संच कशास हवेत, ही शंका स्वाभाविक आहे. बंबास बोलावण्यास मोबाईल उत्तमच. परंतु मोबाईलवर एक मनुष्य एकाशीच बोलतो. बिनतारी संचाची कळ दाबून ‘भिंत कलली, मागे व्हा’ असे एकाने म्हटले की ते दहाजणांस एकाच क्षणी ऐकू जाते. शिवाय मोबाईलचा मनोरा विजेवर अवलंबून असतो. 1989 च्या जुलैत बिंदुसरेच्या पुराने बीड शहरात मोठी प्राणहानी केली. पूर आणि वादळ अशाच वेळी वीज जाते, हे ध्यानी घेतल्यास केवळ मोबाईलवर विसंबून राहणे शहाणपणाचे ठरत नाही.

संचाच्या वेष्टनावर पुष्कळदा वीस-तीस किलोमीटरांचा पल्ला छापलेला असतो. हा आकडा खरेदीदाराने मनावर घेऊ नये. या लहरी बहुतांशी दृष्टीप्रमाणे सरळ जातात; म्हणून पल्ला शक्तीपेक्षा उंचीवर अधिक अवलंबून असतो. दीड मीटर उंचीवर धरलेल्या संचाचे क्षितिज सुमारे 5 किलोमीटर; म्हणजे अगदी सपाट माळावरही दोन माणसांमध्ये 10 किलोमीटरांहून अधिक अंतराची आशा धरता येत नाही, आणि झाडी, घरे व टेकड्या यांमुळे प्रत्यक्षात ते दोन-तीनवर येते. तोच एरियल 30 मीटर उंचावर नेला तर त्याचे एकट्याचे क्षितिज 22 किलोमीटरांवर जाते. उलटपक्षी 5 वॅटच्या जागी 25 वॅट केले म्हणून पल्ला पाचपट होत नाही. पुष्कळदा तो दुप्पटही होत नाही. ज्या दलाजवळ पैसा थोडा आहे त्याने अधिक वॅटांऐवजी एक चांगला उंच खांब विकत घ्यावा, हे उत्तम.

यावरूनच हातसंच आणि गाडीवरचा संच यांची कामे निराळी का, ते उमगते. हातसंच आगीपाशी वावरणाऱ्या माणसाचा. त्याचे बोलणे बाहेर उभ्या असलेल्या गाडीपर्यंत पोहोचले म्हणजे झाले. गाडीचा संच त्या माणसाचा निरोप गावातील मुख्य ठाण्यास व शहरास पोहोचवितो. गाडीत बसून हातसंचावर बोलण्याची सवय मात्र वाईट, कारण पत्र्याची पेटी लहरींना अडविते. गाडीचा एरियल टपाच्या मध्यावर, बाहेर असावा. बोलताना हा संच पाच-सहा अँपिअर वीज ओढतो, तेव्हा यंत्र बंद ठेवून तासन्‌तास बोलल्यास गाडीच पुढे सुरू होत नाही.

आगीच्या ठिकाणी संच एकमेकांशी थेट बोलले पाहिजेत; डोंगरावरील पुनःक्षेपकावर हा भार टाकू नये. 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रात 343 अग्निशामक मृत्यू पावले. इमारतीत पुनःक्षेपक बसविलेला होता. परंतु तो चालत नाही असा समज होऊन उत्तर मनोऱ्यातील अधिकाऱ्यांनी त्याचा उपयोग केला नाही, आणि बाहेर पडण्याचा हुकूम वर चढलेल्या अनेकांस ऐकू गेला नाही. एक कळ दाबावयाची राहून गेली होती, असे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. अनुभवी, पगारी दलाची ही कथा. मग वर्षातून दोन-चारदा धावणाऱ्या स्वयंसेवकाच्या हाती शंभर कळांचे यंत्र देण्यात काय अर्थ? त्याला मोठी कळ, हातमोज्यातून फिरेल असा मोठा खुंटा आणि खांद्यावर अडकविता येईल असा बोलका हवा.

लहरींचे दोन पट्टे बाजारात मिळतात. व्ही. एच. एफ. ची लहर सुमारे दोन मीटर लांब. उघड्या माळावर व डोंगराच्या कडेने ती बरी चालते. यू. एच. एफ. ची लहर आखूड. ती दारे-खिडक्यांतून इमारतीत सहज शिरते. पालीसारख्या ठिकाणी पहिलाच पट्टा सरस वाटतो. मात्र शहराच्या बंबावर कोणता पट्टा आहे हे आधी विचारून घ्यावे. दोन दले एकाच आगीपाशी उभी असून एकमेकांशी मुकी, ही स्थिती फार केविलवाणी. डिजिटल संचाचा आवाज पल्ल्याच्या टोकापर्यंत स्वच्छ असतो व मग एकाएकी नाहीसा होतो. शिवाय पंपाच्या घरघराटात शब्द विकृत होऊ शकतात. जुन्या अ‍ॅनालॉग संचात आवाज हळूहळू खरखरत जातो आणि कान सावध होतो. आगीपाशी ही सावधगिरीची खूण मोलाची.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या संचांस परवाना लागत नाही; पण त्यांचा उपयोग अंगणापुरता. 5 किंवा 25 वॅटचे संच वापरण्यापूर्वी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून लहरींची परवानगी घ्यावी लागते. स्वस्त मिळाले म्हणून कोठून तरी मागविलेला संच दलास गुन्हेगार करू शकतो.

या जिल्ह्यातील हजारो माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडीच परततात. तेवढे महिने दल ज्यांच्यावर चालावयाचे ते म्हणजे मागे राहिलेल्या स्त्रिया, दुकानदार आणि शिक्षक. संच त्यांच्याही हातांत बसला पाहिजे. महामार्गावर उलटलेल्या वायूच्या टँकरजवळ साधा संच नेऊ नये, आणि तेथे कोणत्याही संचाची बॅटरी तर मुळीच काढू नये. ठिणगी न पाडणारे प्रमाणित संच महाग असतात, तेव्हा निदान एक जोडी तशी घ्यावी. बाकीच्यांत दहा हलक्या संचांपेक्षा पाच दणकट, पाण्यात पडूनही चालणारे, आणि प्रत्येकास एक जादा बॅटरी, हा सौदा बरा.

पैसे देण्यापूर्वी दुकानदाराकडून दोन नमुने दोन दिवसांकरिता मागून घ्यावेत. एकाने गाडीपाशी उभे राहावे. दुसऱ्याने धरणाच्या भिंतीखाली, जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात, पत्र्याच्या गोदामात आणि घाटाच्या वळणावर जाऊन तेथून आकडे मोजावेत. जेथे आकडा ऐकू आला नाही ती जागा गावाच्या नकाशावर तांबड्या शाईने खुणावून तो नकाशा गाडीत लावून ठेवावा.