जुन्या गाडीचा एसी: गॅस भरण्याआधी बिघाड शोधा

व्हिडिओत गेज लावून दाखवलं, पण खरी गोष्ट सांगायची राहिली. ती इथे लिहितो.

दुकान टाकलं तेव्हाचा पहिला उन्हाळा. वर्ध्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बोरगाव मेघेतले एक काका जुनी वॅगन-आर घेऊन आले. आईला डायलिसिससाठी सावंगीला न्यायचे. "एसी थंड करत नाही," म्हणाले. मी गॅस भरला, पैसे घेतले. बारा दिवसांनी काका परत आले. मी परत गॅस भरला, परत पैसे घेतले. तिसऱ्यांदा ते आलेच नाहीत.

पुढे रस्त्यात भेटले. पाइपच्या जॉइंटचं ओ-रिंग गेलं होतं, दुसऱ्या मिस्त्रीनं ते बदललं. काका एवढंच म्हणाले, "पैशाचं जाऊ दे रे, पण नवतपात आईला उकाड्यात नेलं." त्या दिवशी मला समजलं, मी गॅस विकत होतो, दुरुस्ती नाही.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. सिस्टीम बंद असते. गॅस बराच कमी झाला म्हणजे कुठेतरी लिकेज आहे.

आधी विचारा, मग बोनेट उघडा

कूलिंग हळूहळू कमी झालं? लिकेजचा संशय घ्या. अचानक बंद पडलं? आधी वायरिंग बघा. गाडी पळताना थंड, पण रेल्वे गेटवर उभी राहिली की गरम? कंडेन्सर नाहीतर त्याचा फॅन तपासा. हवाच कमी येते? ब्लोअर, फिल्टर आणि कूलिंग कॉइलवरचा कचरा बघा.

पाना न लावता होणारी तपासणी

इंजिन चालू करून एसी लावा. कॉम्प्रेसरच्या क्लचचा 'टक्' आवाज येतो का? पुलीची पुढची प्लेट फिरते का? कंडेन्सरचा फॅन फिरतो का? आपल्या भागात धूळ आणि कापसाचे तंतू कंडेन्सरमध्ये अडकतात. साध्या धारेनं धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्र्या वाकतात.

क्लच बसत नसेल तर क्रमानं जा: फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, शेवटी क्लचची कॉइल. गॅस कमी झाला की प्रेशर स्विच मुद्दाम क्लच बंद ठेवतो. तो डायरेक्ट करून गाडी देऊ नका. ऑइल गॅससोबतच फिरतं, म्हणून गॅस नसेल तर कॉम्प्रेसर कोरडा चालून जाम होतो.

गेज काय सांगतो

एसी चालू असताना दोन्ही बाजू कमी दाखवत असतील तर बहुतेक गॅस कमी आहे. लो साइड जास्त आणि हाय साइड कमी, तर कॉम्प्रेसर थकला असण्याची शक्यता मोठी. हाय साइड फार वर गेली तर फॅन, घाण कंडेन्सर किंवा जास्त भरलेला गॅस.

लिकेज शोधताना जॉइंटवर तेलकट धूळ बघा. मग नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचं पाणी लावा. दुरुस्तीनंतर ड्रायर बदला, निदान अर्धा तास व्हॅक्यूम करा, व्हॅक्यूम टिकतो का बघा. गॅस अंदाजानं नाही, बोनेटखालच्या स्टिकरवरच्या ग्रॅमप्रमाणे काट्यावर मोजून भरा. हातमोजे आणि चष्मा घालाच. उडालेला गॅस कातडी गोठवतो.

नव्वदच्या दशकातली गाडी आली तर जास्त सावध. तिच्यात आर-१२ असू शकतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनसाठी तो जगभर बंद होत गेला, भारतात २०१० पर्यंत. त्यावर सरळ आर-१३४ए टाकू नका. दोन्हींचं ऑइल वेगळं असतं. सिस्टीम साफ करून, ऑइल, ओ-रिंग आणि ड्रायर बदलूनच काम घ्या.

आता धंद्याचं बोलू

१. तपासणीचे पैसे वेगळे घ्या आणि आधीच सांगा. तुमचं ज्ञान फुकट दिलं की मग गॅस विकूनच वसूल करावंसं वाटतं.

२. जॉब कार्डवर लिहा: काय सापडलं, काय बदललं, किती ग्रॅम भरला.

३. पहिल्या भांडवलात गेज सेट, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा घ्या. दुकानाचा बोर्ड नंतर चकाचक करा.

४. खर्च गाडीच्या किमतीला भिडत असेल तर स्पष्ट सांगा. ते गिऱ्हाईक आज गेलं तरी चार जणांना तुमचं नाव सांगेल.

५. तपासणीची ऑफर होळीच्या आधी लावा. मे महिन्यात गर्दी असते, तेव्हा घाईत चुका होतात.

काकांचे दुसऱ्या वेळचे पैसे मी परत केले. नाही म्हणत होते, तरी हातात ठेवले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या जावयाची गाडी माझ्याकडे आली.

तुमचा धंदा शिलाईचा असो की मोबाइल रिपेअरिंगचा, आज वहीत एक ओळ लिहा: कोणतं गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन दोनदा आलं? सुरुवात तिथून करा. भेटू पुढच्या व्हिडिओत!