पेटीतला पावसाळा

आमच्या घरात तंबाखूला थारा नाही. मी सुपारीसुद्धा खात नाही. आणि तोंड रंगवून वर्गात येणाऱ्या पोरांना बाहेर घालवणारा प्राध्यापक म्हणून कॉलेजात माझी थोडी अपकीर्तीही आहे. असे असून गेली सात वर्षे खराडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये, माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, चिरुटांची एक पेटी नांदते आहे. आणि तिच्यातली हवा आज किती दमट आहे, हे पाहिल्याशिवाय मी रात्री दिवा मालवीत नाही.

पेटी मामांची. मामा मूळचे निपाणीचे. तिथल्या एका तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. १९८१ साली शरद जोशींच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी पुणे-बंगळूर रस्ता अडवला आणि ६ एप्रिलला गोळीबार होऊन शेतकरी मेले, तेव्हा मामा एकोणचाळीस वर्षांचे होते. त्या दिवसांविषयी ते बोलत नाहीत. तंबाखूच्या पानाविषयी मात्र, समोरच्याला अगदी जेवायला उशीर झाला तरी बोलत राहतात. थकल्यावर ते मुलाकडे, म्हणजे आमच्या शेजारच्याच इमारतीत, राहायला आले. २०१८ साली मुलाने परदेशातून येताना बापासाठी पंचवीस सिगारांची पेटी आणली. (दोन्ही टोके उघडी तो चिरूट, एक टोक बंद ती सिगार, असा भेद जाणकार करतात. मामा सगळ्यांना चिरूटच म्हणतात, म्हणून मीही.) नेमकी त्याच महिन्यात मामांच्या छातीत कळ आली.

डॉक्टर म्हणाले, "एकही नाही." मामी म्हणाल्या, "वर्षाला एक, पाडव्याला. आणि ती पेटी माझ्या घरात नको." डॉक्टरांचेच बरोबर होते, हे मलाही कळते. पण मामांनी तोवर हिशेब मांडला होता. पंचवीस चिरूट, पंचवीस दिवाळ्या. "लेका, येवढं आयुष्य मला कुठल्या ज्योतिषानंसुद्धा दिलं नव्हतं," असे म्हणून त्यांनी पेटी माझ्या हाती ठेवली. त्या साली पाडव्याला आमच्या गॅलरीत पहिला चिरूट पेटला. उरले चोवीस.

मला वाटले, पेटी म्हणजे ठेवून द्यायची वस्तू. ठेवून दिली. २०१९ चा पावसाळा आठवतो ना? सप्टेंबर सरता सरता पुण्यातल्या ओढ्यांनी हाहाकार केला तो. खराडीला आम्ही मुळा-मुठेच्या काठी अकराव्या मजल्यावर. पाणी आमच्यापर्यंत आले नाही, पण ओल आली. चपला हिरव्या झाल्या, कपाटातल्या ज्ञानेश्वरीला वास आला. दसऱ्याला पेटी उघडली, तर सहा चिरुटांवर पांढरी लव उभी. ती पुसून चालेल का, असे मी मामांना भीत भीत विचारले. त्यांनी एक चिरूट उचलला, टोकाकडून पाहिला आणि खाली ठेवला. "आत गेलीय," म्हणाले. बुरशी टोकातून आतल्या पानांत उतरली होती. सहाच्या सहा टाकले.

आता माझ्यातला मास्तर जागा झाला. ओल हा शत्रू, तर ओल घालवू. नव्या बुटांच्या खोक्यांतून पांढऱ्या दाण्यांच्या ज्या पुड्या येतात, त्या मी दिसतील तिथून गोळा केल्या आणि पेटीत भरल्या. त्या काम चोख करतात; एवढे चोख, की थांबत नाहीत. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत सगळे घरात कोंडलेले असताना, मी पेटी उघडली. पाच चिरुटांचे वरचे वेष्टण सालपटासारखे उकलले होते. चिरुटात तीन थर असतात: आत भरणीची पाने, त्यांना आवळणारे एक पान आणि वर गुळगुळीत, पातळ वेष्टणाचे पान. ही तिन्ही पाने हवेतले पाणी पितात आणि हवेला परतही देतात. फार प्याली तर फुगतात, चिरूट ओढला जात नाही, विझतो, बुरशी धरतो. सुकली तर सगळ्यांत पातळ पान आधी तडकते. मी एका पावसाळ्यात बुडवून मारले होते आणि एका उन्हाळ्यात तहानेने.

मामांनी राग केला नाही. नुसते म्हणाले, "तुझी आजी पानं कशी ठेवायची रे?"

आजी विड्याची पाने ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवी. फडके गच्च ओले नाही, पिळून काढलेले. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा ती त्यावर पाणी शिंपडी. श्रावणात फडके कोरडे करून पाने उलटीसुलटी करी, नाहीतर कुजतात. तीच आजी पापड मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवी आणि मिठात चार तांदळाचे दाणे टाकी. म्हणजे कुणाला किती ओल हवी, याचे सारे कोष्टक तिच्या हातात होते, आणि ते हवेप्रमाणे रोज बदलत होते. ओल आणायची की घालवायची, हा प्रश्नच मी चुकीचा विचारीत होतो. चिरुटाला हवी असते ती एका जागी थांबलेली हवा.

आणि पुण्यात तर हवा कधी थांबतच नाही! आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी हवेची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते आणि जुलै-ऑगस्टात ऐंशीच्या पुढे चढते. ज्या शहरात १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून आले (पुढे ते दिल्लीला गेले, पण शिवाजीनगरच्या चौकाला आपण अजून सिमला ऑफिसच म्हणतो), त्या शहरात जन्म काढून मला आर्द्रता म्हणजे काय, हे धड ठाऊक नव्हते. ती टक्क्यांत का मोजतात? तर हवेची पाणी धरण्याची ताकद उष्णतेबरोबर वाढते. वीस अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे सतरा ग्रॅम वाफ धरते. तीस अंशांची धरते तीस ग्रॅम. त्यामुळे तेच बारा ग्रॅम पाणी थंड खोलीत सत्तर टक्के होते आणि तापलेल्या खोलीत चाळीस. वैशाखात ओठ का फुटतात, ते तेव्हा कळले. चिरुटाला पासष्ट ते सत्तर टक्के मानवतात. पंचाहत्तरच्या वर बुरशीचे राज्य.

मोजायचे कसे? सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १७८३ साली माणसाच्या केसावर चालणारा आर्द्रतामापक लोकांपुढे मांडला. केस ओलीने लांबतो, कोरडा होऊन आखडतो. त्याला काटा जोडला की झाले. आता काही शे रुपयांत आकडे दाखवणारे चिमुकले यंत्र मिळते. पण ते खरे बोलते कशावरून? याची युक्ती मला फार आवडली, कारण तिला लागते फक्त स्वयंपाकघरातले मीठ. बाटलीच्या बुचात मीठ घ्यावे, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखे करावे (विरघळवायचे नाही!), आणि ते बूच व यंत्र एका घट्ट डब्यात दिवसभर बंद करावे. आतली हवा पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते. खोली गार असो की गरम, फार फरक पडत नाही. हवा कोरडी झाली तर ओले मीठ पाणी सोडते, दमट झाली तर पिऊन घेते. आमचे यंत्र त्या डब्यात एकाहत्तर सांगत होते. चार टक्क्यांचे खोटे. तेव्हापासून मी त्याच्या आकड्यात चार मिळवतो.

याच तत्त्वावर केलेल्या तयार पुड्याही मिळतात. त्यांत मीठ दुसऱ्या जातीचे, म्हणून हवा पासष्टला किंवा एकोणसत्तरला थांबते. बुटांतल्या पुडीला एकच दिशा ठाऊक, हिला दोन्ही. नुसत्या पाण्यावर चालणारा स्पंजही लोक पेटीत ठेवतात. तो ठेवणाऱ्यांनी निदान नळाचे पाणी घालू नये, ऊर्ध्वपातित घालावे, नाहीतर क्षार साचतात आणि बुरशीला आमंत्रण जाते. पण स्पंज फक्त देतो, परत घेत नाही. पुण्याच्या श्रावणात त्याचा उपयोग काय? मी पेटी सरळ रबरी कडेच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात घातली आणि आत दोन पुड्या ठेवल्या. सौंदर्य गेले, चिरूट राहिले.

पेटीच्या लाकडाविषयी भाषेच्या माणसाला राहवत नाही म्हणून सांगतो. इंग्रज त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात. ते स्पेनचे नाही, मध्य-दक्षिण अमेरिकेतले आहे. आणि सीडरही नाही, कडुनिंबाच्या कुळातले आहे. आपला तून वृक्ष त्याचा जवळचा भाऊ. खरा सीडर म्हणजे देवदार. त्याच्या तेलाचा उग्र वास तंबाखूत उतरतो. तेव्हा 'सीडरची पेटी' ऐकून कोणी देवदाराची पेटी करून आणील तर फसेल. 'चिरूट' शब्दही मूळ तमिळ 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळी. इंग्रजांनी तो 'चेरूट' केला. तंबाखू पोर्तुगीजांनी आणला, आणि १६०४-०५ च्या सुमारास असद बेग नावाच्या सरदाराने तो अकबराच्या दरबारात नेला तो विजापुराहून! हे ऐकून मामा म्हणाले, "म्हणजे आमच्या शेजारूनच की."

एवढे करूनही २०२२ च्या उन्हाळ्यात तीन चिरुटांना टाचणीने टोचल्यासारखी भोके पडली. हा तंबाखूतला किडा. दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी, गोलसर. हळदीत, धन्यांत, मिरच्यांत सापडतो तोच. पुस्तकेही सोडत नाही. याची अंडी पानांतच येतात आणि पंचविशीच्या पुढे गरमी गेली की फुटू लागतात. खराडीच्या मे महिन्यात त्यांना आणखी काय हवे! उपाय एकच: हवाबंद पिशवीत घालून एक दिवस फ्रीजमध्ये, तीन दिवस फ्रीजरमध्ये, परत एक दिवस फ्रीजमध्ये, म्हणजे पान एकदम गारठून तडकत नाही.

आमच्या सौभाग्यवतींनी फ्रीजरचे दार धरले. "माझ्या नारळाच्या चवाशेजारी?" मी म्हटले, तीन पिशव्यांत घालतो. "आणि दहा दिवसांनी संकष्टीचे मोदक कशाचे करू?" शेवटी चव शेजारी गेला आणि चिरूट आत आले. तेव्हापासून पेटी उन्हाळ्यात घरातल्या सर्वांत गार जागी असते: पुस्तकांच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला, जमिनीलगत. मला त्या खोलीत पंखा लावून बसवत नाही, पण पेटीला ती मानवते.

पंचवीसांतले चौदा माझ्या हातून गेले. सात वर्षांत मामांना मिळाले सात. २०२४ च्या पाडव्याला गॅलरीत खुर्ची टाकून त्यांनी शेवटचा पेटवला. अर्धाच ओढून विझवला. म्हणाले, दम लागतो. मामी आत पणत्यांत तेल घालीत होत्या, त्यांनी ऐकले की नाही कोण जाणे.

या वर्षी अनंत चतुर्दशीच्या सुमाराला मामा काठी टेकीत आले. बाहेर दोन दिवस झड लागलेली. मी डबा काढला, पेटी उघडली. चार उरलेले त्यांनी नजरेने मोजले, माझ्यासमोर आकडा उच्चारला नाही. एक उचलून कानाशी नेला, अंगठा आणि बोटांत हलकेच दाबला. वखारीत ते पान मुठीत असेच दाबून पाहत: कुरकुरले तर कोरडे, चिकटले तर ओले, दबून परत उठले तर बरोबर.

"सदुसष्ट," मामा म्हणाले.

यंत्र त्रेसष्ट दाखवीत होते. मी त्यात चार मिळवले.

"झाकण लाव, लेका," मामा म्हणाले, "हवा जातेय."