हत्यारं टाकणारा जिवाणू

वर्षानुवर्षं आजारी असलेल्या फुप्फुसातला कफ पेट्री डिशवर पसरला, की दोन दिवसांत तिथे जत्रा भरते. एक वसाहत मधाच्या थेंबासारखी ओघळती, दुसरी सुरकुतलेली, तिसरी मोहरीहून बारीक; कुणी हिरवीगार, कुणी पांढरट. पाहणाऱ्याला वाटावं, या पाच-सहा वेगळ्या जाती आहेत. जनुकं वाचली की कळतं, अनेकदा ही सगळी एकाच पूर्वजाची लेकरं असतात!

हा पूर्वज म्हणजे स्यूडोमोनास एरुजिनोसा. ओल्या मातीत, साचल्या पाण्यात, मोरीच्या जाळीखाली राहणारा. १८८२ साली कार्ल जेसार या फ्रेंच माणसाने जखमेच्या हिरव्या-निळ्या पट्ट्यांतून तो वेगळा काढला. ‘एरुजिनोसा’ म्हणजे तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या कळंकासारखा. तो श्वासावाटे आत गेला, तरी निरोगी फुप्फुस त्याला झाडून बाहेर काढतं. पण ‘सिस्टिक फायब्रोसिस’ या आनुवंशिक आजारात एका जनुकातल्या दोषामुळे क्षारांची ये-जा बिघडते, कफ चिकट होतो आणि श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांचा झाडू त्यात रुतून बसतो. मग पाहुणा मुक्कामाला राहतो, तो कायमचाच.

आणि राहता राहता बदलतो. २००६ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी एका मुलाच्या वयाच्या सहाव्या महिन्यात मिळालेला जिवाणू आणि त्याच मुलाच्या आठव्या वर्षी मिळालेला त्याचा वंशज शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं. ६८ बदल सापडले. गंमत अशी, की त्यांतल्या कितीतरी बदलांनी नवं काही दिलं नव्हतं. होतं तेच मोडलं होतं. पेशीत विष टोचणारी सुई, लोह ओढून घेणारं रसायन, सोबत्यांचे रासायनिक निरोप ऐकणारा ‘कान’ : हल्लेखोराचा सगळा सरंजाम हळूहळू अडगळीत जातो. पोहायची शेपटीही अनेकदा गळून पडते. कारण सरळ आहे. हत्यारं बाळगायला खर्च येतो, आणि शेपटी किंवा सुई दिसली की आपल्या संरक्षक पेशी चोर ओळखतात. मुक्कामच करायचा, तर गाजावाजा कशाला?

त्याऐवजी तो गोधडी पांघरतो. एक जनुक बिघडलं, की त्याचा लगाम सुटतो आणि जिवाणू अल्जिनेट नावाचा बुळबुळीत पदार्थ भरमसाट बनवू लागतो. समुद्री शेवाळातून काढलेलं अल्जिनेट आइस्क्रीम दाट करायला वापरतात. पेट्री डिशवरचा तो मधाचा थेंब म्हणजे ही गोधडी पांघरलेले जिवाणू.

बदलांचा हा वेग येतो कुठून? डीएनएची नक्कल करताना चुका दुरुस्त करणारी प्रथिनं असतात, पेशीतले मुद्रितशोधकच. स्पेनमधल्या संशोधकांना २००० साली आढळलं, की तपासलेल्या एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांत असे जिवाणू होते, ज्यांचा मुद्रितशोधकच रजेवर गेलेला! चुका शेकडो पटींनी वाढतात. बहुतेक चुका अंगाशी येतात. एखादी मात्र नेमकी प्रतिजैविकापासून वाचवते.

शिवाय फुप्फुस म्हणजे एक सलग मैदान नव्हे. कुठे प्राणवायू मुबलक, कुठे जवळपास नाहीच. कुठे औषध पोचतं, कुठे कफाचा बुचका आडवा येतो. प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेली फुप्फुसं २०१५ मध्ये भागाभागाने तपासली गेली, तेव्हा वरच्या आणि खालच्या भागांत एकाच कुळाच्या वेगळ्या शाखा नांदताना दिसल्या. त्यांची भूक वेगळी, औषधांना दाद न देण्याची ताकदही वेगळी. भिन्न बेटांवर पक्ष्यांच्या चोची वेगळ्या होतात, तसंच. फक्त द्वीपसमूह बरगड्यांच्या आत, आणि काळ काही वर्षांचा.

म्हणूनच पेट्री डिशवरची एक वसाहत उचलून तिच्यावर औषध तपासलं, तर उत्तर मिळतं ते त्या एकाच वसाहतीचं. ते औषध मोहरीएवढ्या वसाहतीला मारेल, पण गोधडीवाल्यांना कदाचित नाही. आपण म्हणतो, ‘जंतू झालाय’. आत मात्र नांदत असतं अख्खं गाव.