बर्फावरची गाडी आणि उशिरा उघडलेले दार

खेळ म्हटला, की आमच्या पेण तालुक्यात पहिला शब्द ओठांवर येतो तो कबड्डीचा. गडबसारख्या गावात शेतीची कामे उरकली, की मैदान आखले जाते, रात्री दिवे लागतात आणि सामने रंगतात. बर्फाशी आमचा संबंध फार तर मासळीच्या टोपलीपुरता किंवा गोळेवाल्याच्या गाडीपुरता. अशा गावच्या मुलीने बर्फावरील खेळाविषयी लिहावे, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु या खेळाची माहिती मिळवीत गेले, तसतसे मला जाणवले, की त्यात आपल्याही ओळखीचा एक प्रश्न दडलेला आहे : मैदानात कोणी उतरायचे, हे ठरवते कोण? त्या खेळाचे नाव बॉबस्लेड.

प्रथम हा खेळ समजून घेऊ. डोंगराच्या उतारावर पन्हळीसारखा वळणावळणाचा मार्ग बांधतात आणि त्यावर बर्फाचा थर देतात. मार्गाची लांबी साधारण १२०० ते १५०० मीटर. त्यावरून चाकांऐवजी पोलादी पट्ट्यांवर घसरत जाणारी गाडी म्हणजे बॉबस्लेड. तिला इंजिन नसते. स्त्रियांच्या दुहेरी स्पर्धेतील गाडीचे वजन सुमारे १७० किलो. म्हणजे भाताची पन्नास किलोंची तीन पोती एकावर एक ठेवली, तरी ते भरत नाही. ही गाडी दोघीजणी टोकदार खिळ्यांचे बूट घालून बर्फावर सुमारे ५० मीटर ढकलत धावतात आणि धावत्या गाडीत उड्या घेतात. आधी चालक बसते, मागोमाग ब्रेक सांभाळणारी.

पुढचे काम चालकाचे. तिच्या हातात मोटारीसारखे चक्र नसते. दोन कड्या असतात. त्या दोरीने पुढच्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात. किंचित ओढ कमीजास्त झाली, की गाडी भिंतीवर आपटते किंवा उलटते. वेग ताशी १२० किलोमीटरच्याही वर जातो. तीव्र वळणावर शरीराला आपले वजन चार-पाच पट झाल्यासारखे भासते. पन्नास किलोंच्या मुलीला आपण अडीचशे किलोंच्या झालो आहोत असे वाटावे, इतका तो दाब! मागे बसलेली मुलगी मान खाली घालून असते. तिला मार्ग दिसत नाही. वळण आले, हे ती अंगानेच ओळखते. ब्रेक लावायचा तो अंतिम रेषा ओलांडल्यावरच. सगळा मामला जेमतेम एक मिनिटाचा. ऑलिंपिकमध्ये अशा चार फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करतात आणि ती सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. २०१४ साली सोची येथे कॅनडाच्या केली हम्फ्रीज व हेदर मॉइज यांचे सुवर्णपदक आणि अमेरिकेचे रौप्यपदक यांच्यातील अंतर चार फेऱ्या मिळून अवघे ०.१० सेकंद होते.

गाडीला इंजिन नसल्यामुळे सुरुवातीचा रेटा हीच तिची शिदोरी. तेथे मिळवलेला थोडासा वेग खालपर्यंत उपयोगी पडतो आणि तेथे गमावलेला वेळ सहसा भरून निघत नाही. म्हणूनच या खेळाला बर्फात वाढलेल्या मुलीच हव्यात असे नाही. बळकट पायांच्या, वेगाने धावणाऱ्या मुली हव्यात.

आता इतिहासाकडे वळू. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे हिवाळी प्रवाशांच्या करमणुकीतून वाढला. त्या काळी गाडीत स्त्रियाही बसत. १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले. त्यात बॉबस्लेड होते, पण केवळ पुरुषांसाठी. स्त्रियांना हे जमत नव्हते म्हणावे, तर पुढचा प्रसंग पाहा. १९४० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत कॅथरिन ड्यूई या तरुणीने चौघांच्या गाडीची चालक म्हणून पुरुष प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले आणि विजेतेपद मिळवले. (आपल्या ग्रंथालयातील पुस्तकांच्या पाठीवर जे दशांश क्रमांक असतात, ती पद्धत काढणाऱ्या मेल्विल ड्यूई यांची ही नात.) या पराक्रमानंतर काय झाले? तेथील क्रीडासंघटनेने हा खेळ पुरुषांपुरताच राहील, असे ठरवून टाकले. हरलेल्याला बाहेर काढतात हे आपण पाहतो. येथे जिंकलेलीलाच बाहेरची वाट दाखवली गेली.

दार पुन्हा उघडायला साठ वर्षे लागली. २००० साली स्त्रियांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि २००२ साली सॉल्ट लेक सिटी येथे स्त्रियांच्या बॉबस्लेडला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. पुरुषांनंतर ७८ वर्षांनी! त्या पहिल्या सुवर्णपदकाच्या मानकरी ठरल्या अमेरिकेच्या जिल बॅकन व व्हॉनेटा फ्लॉवर्स. व्हॉनेटा ही अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमची, म्हणजे हिवाळी खेळांची परंपरा नसलेल्या भागातील मुलगी. ती धावत असे, लांब उडी मारत असे. २००० च्या उन्हाळी ऑलिंपिकसाठी तिची निवड झाली नाही. त्याच सुमारास बॉबस्लेडसाठी खेळाडू हवे असल्याचे एक पत्रक तिच्यापर्यंत पोहोचले. दोन वर्षांच्या आत ती हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली. पुढे लॉरिन विल्यम्सनेही हीच वाट धरली. २००४ साली अथेन्सला १०० मीटर धावण्यात रौप्यपदक मिळवणारी ही मुलगी दहा वर्षांनी सोचीला बॉबस्लेडमध्ये रौप्यपदकाची मानकरी झाली.

२०१८ साली प्याँगचांग येथे नायजेरियाच्या सेऊन अडिगुन, न्गोझी ओनवुमेरे आणि अकुओमा ओमेओगा यांचा संघ उतरला. ऑलिंपिक बॉबस्लेडमधील आफ्रिकेचा हा पहिला संघ. अडिगुन २०१२ साली लंडनला अडथळ्यांची शर्यत धावली होती. सरावाला गाडी नव्हती, म्हणून तिने लाकडाची गाडी स्वतः बनवली आणि अमेरिकेतील ह्यूस्टन येथे बर्फाविना सराव सुरू केला. स्पर्धेत त्यांचा क्रमांक विसावा, म्हणजे शेवटचा आला. पण शेवटचा क्रमांक लागायलासुद्धा आधी यादीत नाव असावे लागते, हे विसरून चालणार नाही.

तरीही दार अर्धेच उघडले होते. पुरुषांना दोन प्रकार, दुहेरी व चौघांचा. स्त्रियांना मात्र एकच. २०२२ साली बीजिंग येथे स्त्रियांसाठी एकेरी गाडीची स्पर्धा आली, तेव्हा कोठे ही संख्या सारखी झाली. त्या स्पर्धेत सुवर्णपदक हम्फ्रीजने (आता अमेरिकेकडून खेळताना) आणि रौप्यपदक एलाना मेयर्स टेलरने मिळवले. एलाना तेव्हा दोन वर्षांच्या मुलाची आई होती.

आपल्याकडे काय? बर्फाच्या मार्गावर भारताचे नाव नेले ते हिमाचलच्या शिवा केशवनने. त्याचा खेळ ल्यूज. १९९८ ते २०१८ या काळात तो सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला. चाके लावलेल्या गाडीवर हिमालयातील रस्त्यांवरून तो सराव करी. ऑलिंपिकच्या बॉबस्लेडमध्ये मात्र भारतीय स्त्री उतरलेली नाही. परंतु उशिरा उघडणारे दार आपल्यालाही ठाऊक आहे. आशियाई स्पर्धांत पुरुषांची कबड्डी १९९० साली बीजिंगला आली. स्त्रियांची आली २०१० साली ग्वांगझूला. मधली वीस वर्षे आपल्या मुली खेळत नव्हत्या काय? दार उघडताच भारतीय मुलींनी सुवर्णपदक आणले. २०१२ साली पाटण्याला स्त्रियांचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात आणि २०१४ च्या इंचॉन येथील सुवर्णविजेत्या संघात आपल्या महाराष्ट्राची अभिलाषा म्हात्रे होती.

हा विषय मी का निवडला, तेही सांगते. शाळेच्या कबड्डी संघात आम्ही सातजणी होतो. बारावीनंतर दोघींची लग्ने झाली, तिघी कामाला लागल्या, कॉलेजात आम्ही दोघीच आलो. संघ मोडला. खेळ का सोडलास, असे विचारले, तर प्रत्येकीच्या घरचे उत्तर एकच : आता मोठी झालीस, पडलीस आणि हातपाय मोडला तर काय करायचे? पण याच मुली लावणीच्या दिवसांत कमरेत वाकून दिवस काढतात, भाताचे भारे बांधावरून डोक्यावर वाहतात. बांध निसरडा असतो, भारा जड असतो. तेथे पडण्याची भीती कोणी घालत नाही. मग भीती नेमकी शरीराची, की चारचौघांनी पाहण्याची? कॅथरिन ड्यूईला थांबवणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारता आला असता.

कोणी म्हणेल, सगळ्याच मुली काही ऑलिंपिकला जाणार नाहीत. मान्य आहे. पण व्हॉनेटा फ्लॉवर्सपर्यंत जे पत्रक पोहोचले, ते तिच्या उपयोगी पडले ते ती तोवर धावत राहिली होती म्हणून. दार केव्हा उघडेल, हे आपल्या हाती नसते; पायातले बळ टिकवणे असते. आमच्या कॉलेजात मुलींचा कबड्डी संघ उभा राहावा, सरावाची वेळ शेवटच्या एस. टी.च्या आधी संपेल अशी ठेवावी, म्हणजे लांबच्या गावच्या मुलींनाही थांबता येईल, एवढीच प्राध्यापकवर्गास विनंती आहे. सात नावे जमवण्याचे काम आम्ही दोघी करू.