परदेशात गाडी चालवताना



आज आपण गाडीविषयी बोलणार आहोत. गाडी म्हटलं की अजूनही पुष्कळ घरांत तो पुरुषांचा विषय समजतात. पण आपल्याच गटांत बघा. कितीतरी जणी स्कूटी चालवतात, कुणी दुधाची पिकअप चालवते, कुणी वेळ पडली तर ट्रॅक्टरवरही बसते. आम्ही दोघी बहिणी त्यातल्याच. गाड्यांचं वेड आम्हाला लहानपणापासून आहे. आमची भाची जर्मनीत नोकरीला आहे. तिच्याकडे सुट्टीला गेलो तेव्हा आम्ही भाड्याने गाडी घेतली आणि बारा दिवस स्वतः चालवत फिरलो. परत आल्यापासून प्रत्येकीचा एकच प्रश्न असतो, "तिथे म्हणे वेगाला मर्यादाच नाही. मग माणसं मरत कशी नाहीत?" प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर आज सांगतो.

आधी कागदपत्रांचं सांगू, कारण सगळ्यात जास्त चौकशी त्याचीच होते. परदेशात गाडी चालवायची तर आपल्या आरटीओ कार्यालयातून आंतरराष्ट्रीय चालक परवाना काढावा लागतो. तो एक वर्ष चालतो. मात्र तो एकटा उपयोगाचा नाही, आपला मूळ परवाना सोबत हवाच. भाड्याची गाडी जी जी व्यक्ती चालवणार, तिचं नाव करारात असावं लागतं. आम्ही दोघींची नावं घातली होती. गाडी ताब्यात घेताना चहूबाजूंनी फोटो काढून ठेवावेत, म्हणजे आधीच्या ओरखड्याचे पैसे आपल्याकडून मागता येत नाहीत. विम्याच्या कागदात नुकसानीतला किती भाग आपण भरायचा तेही लिहिलेलं असतं. तेवढं वाचून मगच सही करायची.

तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. स्टिअरिंग डाव्या हाताला असतं आणि गिअर उजव्या हाताने टाकायचा. ऐकायला अवघड वाटतं, पण तासाभरात हात वळतो. डोकं मात्र सवयीने डावीकडेच ओढतं, विशेषतः चौकात वळताना. म्हणून पहिले दोन दिवस आम्ही एक युक्ती केली. एकीने चालवायचं आणि शेजारचीने प्रत्येक वळणाला मोठ्याने म्हणायचं, "उजवी बाजू." भाची मागे बसून हसायची. म्हणायची, "मावशी, तुमचं भजनी मंडळ झालंय."

तिथला एक नियम आम्हाला फार आवडला. छोट्या गल्ल्यांच्या चौकात सिग्नल नसतो, पाटी नसते. तिथे उजवीकडून येणाऱ्याने आधी जायचं. तो सायकलवाला असो की महागड्या मोटारीतला, उजवीकडून आला की त्याचा मान पहिला. त्यामुळे ना हॉर्न, ना डोळे वटारणं. पुढे रस्ता अरुंद होऊन दोन रांगांची एक होते तिथे वेणी घालावी तशा गाड्या जातात, एक इकडची, एक तिकडची. मध्ये कुणी घुसत नाही.

आता वेगाकडे येऊ. जर्मनीत ऑटोबान नावाचे मोठे महामार्ग आहेत, सगळे मिळून सुमारे १३ हजार किलोमीटर. त्यांच्या बऱ्याच भागांत मोटारींना वेगाची सक्तीची मर्यादा नाही, हे खरं आहे. पण ताशी १३० किलोमीटरच्या आत राहावं अशी शिफारस आहे. त्याहून वेगात असताना अपघात झाला, तर चूक दुसऱ्याची असली तरी नुकसानीचा काही भार आपल्यावर येऊ शकतो. बांधकाम, गर्दी किंवा वळण असेल तिथे मर्यादेची पाटी असते आणि ती सगळे पाळतात. मोठ्या ट्रकना तर ताशी ८० चीच मर्यादा आहे. रविवारी रात्री १० वाजेपर्यंत बहुतेक मोठ्या ट्रकना रस्त्यावर यायलाच बंदी असते.

या रस्त्यावर काय नसतं तेही ऐका. समोरून येणारं वाहन नसतं, कारण मधे दुभाजक असतो. चौक नसतो, सिग्नल नसतो, पायी चालणारं कुणी नसतं. ताशी ६० पेक्षा जास्त वेग घेऊ शकत नाही अशा वाहनाला प्रवेशच नाही. ओव्हरटेक फक्त डावीकडून करायचा आणि झाला की लगेच उजव्या लेनमध्ये परतायचं. पेट्रोल संपलं म्हणून गाडी थांबली तर दंड होतो, कारण टाकी बघून निघणं हे चालवणाऱ्याचं काम आहे. एवढं सगळं मोकळं करून ठेवल्यावर मग वेगाला वाव दिलेला आहे.

रस्त्याच्या कडेला दर ५० मीटरवर पांढरे खुंट असतात. भाचीने त्यांचा उपयोग सांगितला. जेवढा वेग, त्याच्या निम्मे मीटर अंतर पुढच्या गाडीपासून ठेवायचं. म्हणजे ताशी १०० ने जात असाल तर ५० मीटर, बरोबर एका खुंटापासून दुसऱ्या खुंटापर्यंत. याच खुंटांवर छोटा बाण असतो. बंद पडलेल्या गाडीतल्या माणसाने त्या बाणाच्या दिशेने चालत गेलं की मदतीचा फोन सापडतो.

अंतर एवढं का, याचा हिशेब तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्यांदा शिकवतात. तुम्हीही करून बघा. वेगाला १० ने भागायचं. आलेल्या आकड्याची तिप्पट म्हणजे धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी जाते ते अंतर. त्याच आकड्याला त्याच आकड्याने गुणलं की ब्रेक दाबल्यानंतरचं अंतर. ताशी ५० च्या वेगाला हे १५ आणि २५, मिळून ४० मीटर. ताशी १०० ला ३० आणि १००, मिळून १३० मीटर. वेग दुप्पट झाला, पण थांबायला तिप्पटीहून जास्त जागा लागली. हा अंदाज कोरड्या रस्त्याचा आहे. पावसात आणखी जागा लागते.

आता एका बाईची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिचं नाव बर्था बेंझ. तिचा नवरा कार्ल बेंझ याने १८८६ मध्ये आपल्या तीन चाकी मोटारगाडीचं पेटंट घेतलं. बर्थाच्या माहेरचा पैसा त्याच्या कामात घातलेला होता. गाडी तयार होती, पण लोकांचा विश्वास बसत नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था नवऱ्याला न सांगता आपल्या दोन मुलांना, १५ आणि १३ वर्षांच्या, घेऊन गाडीसह निघाली आणि मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला आईकडे गेली. अंतर सुमारे १०४ किलोमीटर. तेव्हा पेट्रोल पंप कुठले असणार? वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन घेतलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजला तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं बसवून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. परत आल्यावर तिने चढासाठी आणखी एक गिअर हवा असं नवऱ्याला सांगितलं, आणि तो बसवला गेला. मोटारीने केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास म्हणून हा ओळखला जातो. गाडी पुरुषांचा विषय आहे असं कुणी म्हटलं, तर बर्थाचं नाव सांगा.

तिच्या वाटेवर आता पाट्या लावून मार्ग आखलेला आहे. त्या वाटेने आम्ही गेलो. लाडेनबुर्ग, हायडेलबर्ग, वीसलोख, ब्रुखझाल. ही वाट गावागावांतून, द्राक्षांच्या मळ्यांतून जाते, आणि इथे आम्हाला ऑटोबानपेक्षा जास्त सावध राहावं लागलं. समोरून वाहनं येतात, वळणं आहेत, कडेला झाडं आहेत. जर्मनीत रस्त्यावर जे जीव जातात त्यांतले निम्म्याहून जास्त अशाच गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर जातात. ऑटोबानवरचे मृत्यू त्यापेक्षा खूप कमी आहेत. म्हणजे वेगवान रस्ता धोक्याचा आणि आपला ओळखीचा रस्ता सुरक्षित, हा समज तिथेही खोटा ठरतो.

म्हणून त्या रस्त्यांवर मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे आणि गावात शिरताना नावाची पिवळी पाटी लागली की ५० ची. शाळेजवळ, वस्तीत बहुतेक ठिकाणी ३०. गावाच्या पाटीपाशी प्रत्येक गाडीचा वेग उतरताना आम्ही रोज पाहिला. झेब्रा पट्ट्यांशी माणूस उभा दिसला की गाडी थांबते. शाळेची बस धोक्याचे दिवे लावून थांब्याकडे येत असेल तर तिला ओव्हरटेक करायचं नाही. ती थांबल्यावर दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी पायी चालण्याच्या वेगानेच पुढे जायचं. कारण पोर बसमागून कधी धावत येईल याचा नेम नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्या लोकांच्या रक्तातच शिस्त आहे. तसं नाही, मैत्रिणींनो. १९७० साली पूर्व आणि पश्चिम जर्मनी मिळून २१ हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली होती. त्यानंतर एकेक पाऊल पडलं. पश्चिम जर्मनीत १९७२ मध्ये गावाबाहेरच्या रस्त्यांना १०० ची मर्यादा आली. १९७३ मध्ये दारूची मर्यादा कडक झाली. १९७६ मध्ये पुढच्या सीटवर बेल्ट सक्तीचा झाला. तेव्हा तिथेही लोक म्हणत, गाडी पेटली तर बेल्टमध्ये अडकून मरू. पुष्कळांनी बेल्ट लावला नाही. १९८४ मध्ये दंड सुरू झाला आणि बहुतेक सगळे लावू लागले. गाड्या सुधारल्या, दवाखान्यापर्यंत पोचण्याची सोय सुधारली. आज तिथे पावणेपाच कोटींहून जास्त मोटारी आहेत, आणि २०२२ मध्ये मृत्यू होते २८०० च्या आसपास. त्याच वर्षी एकट्या आपल्या महाराष्ट्रात १५ हजारांहून जास्त जीव रस्त्यावर गेले.

तिथे परवाना मिळायलाही कष्ट आहेत. प्रथमोपचाराचा वर्ग केल्याशिवाय परवाना मिळत नाही. गावाबाहेर, ऑटोबानवर आणि अंधारात चालवण्याचे ठरावीक धडे घ्यावेच लागतात. खर्च हजारो युरोंत जातो. आणि तिथे सगळं आलबेल आहे असंही नाही. डाव्या लेनमध्ये मागून येऊन चिकटणारे, हेडलाइट मारणारे आम्हालाही भेटले. ऑटोबानला सगळीकडे वेगमर्यादा असावी की नसावी, यावर तिथे अनेक वर्षं वाद चालू आहे.

एक दृश्य मात्र मनातून जात नाही. ऑटोबानवर गर्दीने गाड्या मंदावल्या. अजून भोंगा ऐकू आला नव्हता, तरी सगळ्यात डावीकडच्या लेनमधल्या गाड्या डाव्या कडेला सरकल्या आणि बाकीच्या उजवीकडे. मधे वाट तयार झाली. थोड्या वेळाने त्या वाटेने रुग्णवाहिका सरळ निघून गेली. हा तिथला कायदा आहे. वाट न दिल्यास किमान २०० युरो दंड आणि एक महिना गाडी चालवायला बंदी. आपल्या घरातलं माणूस त्या रुग्णवाहिकेत आहे असं समजून बघा, म्हणजे त्या दंडाचं मोल कळेल.

आता आपल्याकडे यातलं काय करता येईल? गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा.

पहिलं, गाडीवर मागे बसणारीनेही हेल्मेट घालायचं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते सक्तीचं आहे, हा आपलाच कायदा आहे. पदर आणि ओढणी खोचूनच बसायचं.

दुसरं, अंतर. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी गेली की मनात म्हणा, "एक हजार एक, एक हजार दोन." एवढं म्हणण्याआधी आपण त्या झाडाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत.

तिसरं, एसटी थांबलेली दिसली की तिच्या पुढून किंवा मागून पोर येणार असं धरूनच वेग कमी करायचा. घरात जो कुणी गाडी चालवतो त्यालाही हे सांगायचं.

चौथं, अपघात दिसला तर १०८ ला फोन करायचा. मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, असा नियम आहे. पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका.

पाचवं, आपल्या रस्त्यावर कुठे वळणावर झुडपं वाढली आहेत, कुठे गतिरोधकाचा रंग उडाला आहे, शाळेसमोर पट्टे आहेत का, याची यादी करा आणि ग्रामसभेत लेखी द्या. रस्ता ग्रामपंचायतीचा नसेल तर ठराव करून संबंधित खात्याकडे पाठवायला सांगा. पोच घ्यायला विसरू नका.

जर्मनीला रस्ते सुधारायला पन्नास वर्षं लागली. आपली सुरुवात एका हेल्मेटने आणि एका अर्जाने होऊ शकते. गाडी जरूर शिका, मैत्रिणींनो. ज्यांना येते त्यांनी दुसरीला शिकवा, आणि शिकवताना ब्रेकचा हिशेब आधी शिकवा.

पुन्हा भेटू. नमस्कार.