महापालिकेची शाळा आणि आपली पाड्यावरची मुले



मुंबईतल्या मंडळ्यांना भेटी देताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. आरेच्या पाड्यांवरची मुले, जव्हार-मोखाड्याहून बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुले दिवसभर इकडेतिकडे फिरताना दिसतात, मग आपली संस्था त्यांच्यासाठी शाळा का काढत नाही? विचारणाऱ्याच्या मनात कळकळ असते, कधी खिशातून पाकीटही बाहेर आलेले असते. माझे उत्तर असे की शाळा आहे. ती महानगरपालिकेची आहे, तिच्यावर दरवर्षी हजारो कोटी रुपये खर्च होतात आणि आपल्या मुलाला तिथे बसवून घेणे हे तिचे कायद्याने ठरवलेले काम आहे. मूल आणि ती शाळा यांच्यामध्ये जे अंतर पडले आहे, तिथे आपली गरज आहे. म्हणून ही शाळा चालते कशी, हे या अंकात थोडे सविस्तर लिहितो.

आपल्यापैकी बरेच जण गावाकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. शहरात तीच जबाबदारी महानगरपालिकेकडे असते. मुंबईत तिचे मूळ 1888 च्या महानगरपालिका अधिनियमात आहे. रस्ते, पाणी, दवाखाने यांच्याप्रमाणे प्राथमिक शिक्षणाची सोय करणे हेही त्या कायद्याने पालिकेच्या कर्तव्यात घातले. 1920 साली मुंबई शहराच्या प्राथमिक शिक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला. पुढे केंद्राचा 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचे मोफत शिक्षण हा हक्क ठरला. हा हक्क पुरा करणारी ‘स्थानिक प्राधिकरण’ म्हणून मुंबईत पालिकाच उभी आहे. त्याच कायद्यात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये मोजताना स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे, असे वेगळे कलम आहे. आपल्या कामात या एका वाक्याचा मोठा आधार मिळतो.

पालिकेच्या शाळांत आज तीन लाखांच्या आसपास मुले शिकतात. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशी आठ माध्यमे आहेत. इतक्या भाषांतून शाळा चालवणारी पालिका देशात क्वचितच सापडेल. नवख्या माणसाचा गोंधळ इथूनच सुरू होतो. बाहेरून एकच इमारत दिसते, पण आत तीन-चार शाळा असतात. तळमजल्यावर हिंदी शाळा क्रमांक 1, वर मराठी, त्यावर उर्दू. प्रत्येकीचा मुख्याध्यापक वेगळा, हजेरीपट वेगळा. कुठे एक शाळा सकाळी भरते आणि त्याच वर्गात दुपारी दुसरी. ‘पालिकेच्या शाळेत गेलो होतो, जागा नाही म्हणाले,’ असे एखादा बाप सांगतो तेव्हा मी आधी विचारतो, कोणत्या मजल्यावर गेला होता? हसण्यावारी नेऊ नका, अर्धे काम या प्रश्नाने होते.

कारभाराची उतरंड अशी. आयुक्तांच्या हाताखाली शिक्षण विभाग, त्याचे प्रमुख शिक्षणाधिकारी. त्यांच्याखाली उपशिक्षणाधिकारी, वॉर्डांच्या पातळीवर शाळांचे प्रशासकीय अधिकारी, त्यांच्याखाली विभाग निरीक्षक आणि मग मुख्याध्यापक. निवडून आलेल्या नगरसेवकांची शिक्षण समिती धोरण आणि खर्च पाहते. मात्र मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते, त्यामुळे पाड्यावरच्या माणसाला धरायला नगरसेवकाचा हात नव्हता. शिक्षणाचा अर्थसंकल्पही वेगळा मांडला जातो, त्याला ‘अर्थसंकल्प ई’ म्हणतात. 2024-25 साली तो सुमारे 3,500 कोटी रुपयांचा होता. आपल्या सगळ्या मंडळ्यांची वर्षभराची दाने एकत्र केली तरी या रकमेपुढे ती विधवेची दमडी ठरतील. ती कुठे टाकायची, याचा विचार म्हणूनच नीट केला पाहिजे.

मुलाला शाळेत काय मिळते? फी नाही. पुस्तके मिळतात, दुपारचे शिजवलेले जेवण मिळते. शिवाय पालिकेच्या योजनेतून गणवेश, दप्तर, वह्या, बूट, पावसाळ्याचे साहित्य अशा 27 शालोपयोगी वस्तू मिळतात. काही वर्षी त्या उशिरा आल्या, पाऊस निम्मा सरल्यावर रेनकोट आले, अशा तक्रारी झाल्या आणि त्या खऱ्या होत्या. तरीही जूनमध्ये आपल्या महिला मंडळांनी वह्या-दप्तरे वाटण्याआधी जवळच्या शाळेत काय मिळणार आहे हे विचारून घ्यावे. एका मुलाकडे दोन दप्तरे आणि शेजारच्या, शाळेतच न गेलेल्या मुलाकडे एकही नाही, असे मी पाहिले आहे.

प्रवेशाबाबत कायदा फार स्पष्ट आहे. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची नोंद, दवाखान्याची किंवा परिचारिकेची नोंद, तेही नसेल तर पालकांनी वयाबद्दल लिहून दिलेली घोषणा चालते. आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे म्हणून मुलाला थांबवता येत नाही. वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलालाही घ्यावे लागते. दहा वर्षांचे मूल कधीच शाळेत गेले नसेल तर त्याला पहिलीच्या बाळांमध्ये न बसवता वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागे पडलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा. आधार कार्डासाठीही या वयाच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात ते सांगितले आहे.

प्रत्यक्षात ‘आधार आणा, मग बघू’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. एका शाळेत तीन भावंडांना याच कारणाने परत पाठवले होते. आम्ही भांडलो नाही. आईच्या अंगठ्यासह साध्या कागदावर अर्ज लिहिला, त्याची पोच मागितली. पोच द्यायची म्हटल्यावर अर्ज नीट वाचला गेला आणि चौथ्या दिवशी मुले वर्गात बसली. मुख्याध्यापकांचीही अडचण असते. मुलाची माहिती शासनाच्या संगणकप्रणालीत भरताना आधारचा रकाना रिकामा राहिला की वरून विचारणा होते. पण ती अडचण कार्यालयाची आहे. तिच्यासाठी मुलाने घरी बसू नये.

आता आपल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडच्या कुटुंबांविषयी. भातकापणी झाली, दिवाळी सरली की माणसे कामावर बाहेर पडतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी मुंबई-ठाण्यात बांधकामावर. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे शाळेच्या वर्षातले सहा-सात महिने मूल गावी नसते. गावच्या शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव असते, शहरातल्या शाळेला त्याचा पत्ता नसतो. एकाच मुलाची जबाबदारी अर्धे वर्ष जिल्हा परिषदेची आणि अर्धे वर्ष महापालिकेची. दोघींच्या मधल्या फटीत मूल हरवते. ही फट बुजवण्यासाठी राज्यात ‘शिक्षण हमी कार्ड’ आहे. गाव सोडताना शाळेकडून ते घ्यायचे आणि जिथे जाल तिथल्या शाळेत दाखवायचे, म्हणजे मूल कोणत्या इयत्तेत आहे ते कळते. मुलाला आजी-आजोबांजवळ ठेवून त्याची गावातच सोय करणारी हंगामी वसतिगृहे हा दुसरा मार्ग. माझे मत विचाराल तर, घरी सांभाळणारे कुणी असेल तर दुसरा मार्ग बरा. नसेल तर पहिला. आईबापांपासून तोडून मुलाला शिकवण्याचा हट्ट मी धरणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, जिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष असते. प्रवेश झाला की मुलाचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये चढते. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात. दोन मिनिटांत लिहिली जाणारी ही ओळ आदिवासी मुलाच्या पुढच्या आयुष्यात फार मोठी ठरते. शाळा सोडल्याचा दाखला या ओळीवरूनच निघतो. त्यावरून जमातीचे प्रमाणपत्र आणि पुढे तपासणी समितीकडून वैधता मिळते. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी, सगळे त्या वैधतेवर अडते. समिती 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचे पुरावे पाहते. ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत, तिथे कागद कुठून आणायचा? अशा घरात आज पहिलीत जाणाऱ्या मुलीची नोंद हा त्या कुटुंबाचा पहिला कागद असतो. तिच्या नातवंडांपर्यंत तो पुरावा म्हणून पुढे जाणार असतो.

त्या ओळीत चूक कशी होते ते पाहा. आरेत वारली, कोकणा, काथोडी, मल्हार कोळी अशी कुटुंबे आहेत. मल्हार कोळी ही अनुसूचित जमात आहे. घाईत रजिस्टरमध्ये नुसते ‘कोळी’ लिहिले गेले की समुद्रकाठचे कोळी आणि हे एकच समजले जातात आणि वीस वर्षांनी त्या मुलाला समितीपुढे उभे राहून समजावत बसावे लागते. कोकणाचे ‘कोकणी’ होते, ते यादीत बसते, पण ‘कोकणस्थ’ लिहिले तर संपलेच. आडनाव एका भावाचे एक, दुसऱ्याचे वेगळे. जन्मतारीख सरसकट 1 जून. मूल शाळेत असेपर्यंत पुरावे देऊन दुरुस्ती करून घेता येते, दाखला घेऊन बाहेर पडल्यावर ती फार कठीण होते. आपल्या विश्वासी आदिवासी कुटुंबांना एक शंका नेहमी असते, धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहिले तर जमात जाते का? घटनेखालच्या 1950 च्या अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात ती आहे, दोन्हींची गल्लत करू नये. जे आहे ते लिहावे, आणि जमातीचे नाव पूर्ण आणि बरोबर लिहिले आहे हे पालकांबरोबर बसून पाहावे. संडे स्कूलच्या शिक्षकांना हे काम सहज जमेल.

माध्यमाचा प्रश्न मात्र सहज सुटणारा नाही. पालिकेच्या मराठी शाळांची पटसंख्या वर्षानुवर्षे घटत आली आहे, आज हिंदी आणि उर्दू माध्यमांत तिच्यापेक्षा जास्त मुले आहेत. 2020 पासून ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव आले, जोगेश्वरीच्या पूनमनगरला सीबीएसईची आणि माटुंग्याच्या वूलन मिलला आयसीएसईची शाळा सुरू झाली, पुढे आणखी झाल्या. पालक तिथे रांगा लावतात, त्यांना नावे ठेवणार कोण? आपलीही मुले इंग्रजीतच आहेत. पण पट कमी झाला म्हणून मराठी शाळा दुसऱ्या इमारतीतल्या शाळेत मिसळली जाते, तेव्हा पाड्यावरच्या मुलाचा रस्ता वाढतो. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे राज्याचे नियम सांगतात. आरेच्या पाड्यांवर हे अंतर जंगलातून काटायचे असते. 2021 आणि 2022 मध्ये तिथे बिबट्याचे हल्ले झाले. हिवाळ्यात दुपारची शाळा सुटते तेव्हा अंधार पडत असतो. अशा वेळी मुलीची शाळा कधी थांबते, याचा अंदाज तुम्ही बांधू शकता. सातवी-आठवीनंतर पालिकेच्या माध्यमिक शाळा प्राथमिकच्या मानाने कमी आहेत, म्हणून गळती तिथे जास्त जाणवते.

आणि मराठी शाळेतली मराठी तरी आपल्या मुलाची असते का? घरी वारली बोलणारे मूल पुस्तकातल्या मराठीपुढे पहिले काही महिने गप्प बसते. ते मंद आहे असा शेरा फार लवकर मारला जातो. एका पाड्यावर आमची बारावी झालेली वारली तरुणी रोज संध्याकाळी तासभर मुलांबरोबर बसते, शिकवते थोडे, बोलते जास्त. शाळेतल्या बाईंनीच आता तिला वर्गात बोलावायला सुरुवात केली आहे. स्वतंत्र शाळेच्या खर्चात अशा कितीतरी जणी उभ्या राहतील.

शाळेच्या आत बोलण्याची जागाही कायद्याने दिली आहे. प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान. आपण स्वयंसेवक तिथे पालकांच्या जागी बसू शकत नाही, बसूही नये. अडचण अशी की बैठक दिवसा असते आणि बैठकीला जाणाऱ्या आईची रोजंदारी बुडते. दोन मंडळ्यांनी गेल्या वर्षी अशा आयांचा त्या दिवसाचा रोज भरून दिला. दानाचा इतका नेमका उपयोग मी क्वचित पाहिला.

पुढचा अंक तुमच्या हाती येईल तोवर दिवाळी होऊन गेलेली असेल आणि कुटुंबे शहरात उतरू लागलेली असतील. तुमच्या घराजवळ नवे बांधकाम सुरू असेल तर रविवारच्या उपासनेनंतर एक फेरी मारून या. मुले किती, कुठल्या गावची, कितवीत होती, हमी कार्ड आणले आहे का, एवढे वहीत टिपा. कार्ड नसले तरी आईबरोबर शाळेत जा, अर्ज द्या, पोच घ्या. आणि रजिस्टरमध्ये नाव चढताना शेजारी उभे राहा.